काडीमोडाचे पेढे

कर्जतच्या लॅबमधल्या काउंटरवाल्यावर मी भर गर्दीत ओरडलो, ती चूक माझीच होती.

त्या माणसाला जिथं तिथं लग्न दिसतं. रिपोर्ट आला की तो "कळंबच्या मावशी, स्थळ आलं हाय!" अशी हाक देतो आणि घाबरून बसलेली माणसंही हसतात. माझ्या ताईच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला, तेव्हा ती चाचणीही त्यानं तशीच समजावली. "एका जीनच्या दोन बाजूंना दोन चमकते ठिपके चिकटवतात, दादा. एक लाल, एक हिरवा. नवरा-बायको समजा. जवळ दिसले तर जीन शाबूत. लांब गेले तर जीन तुटला, काडीमोड!"

मी काळजीत होतो. पुढचं न ऐकताच निघालो.

आठवड्यानं मला पाहताच तो टाळ्या पिटत उठला. "दादा, काडीमोड झाला! पेढे आणा!"

"माझी बहीण तिकडे मरायला टेकलीय आणि तुम्हाला पेढे सुचतात?" मी ओरडलो. त्यानं रिपोर्टचं पाकीट पुढे केलं.

रिपोर्ट वाचून डॉक्टरही हसले. हा जीन तुटलेला असेल तरच लागू पडणारी गोळी आता ताईला देता येणार होती.

"माझ्या काडीमोडाचे पेढे दे रं त्याला," ताई म्हणाली.

पेढे काउंटरवर ठेवून मी हळूच म्हणालो, "माफ करा."

त्यानं कानामागे हात धरला. "ऐकू नाय आलं, दादा. त्या दिवशी तर पार रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू गेलं व्हतं."

मग मी बाकांवरच्या सगळ्यांकडे तोंड करून ओरडलो, "माझं चुकलं! माफ करा!"