मावसोबांचा ओंकार

डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या टापूत ज्याला म्हणून नाक आहे, अशा एकाही माणसाला माझ्या मावसोबांनी श्वास घ्यायला शिकवायचं सोडलेलं नाही. मावसोबा म्हणजे मोठ्या मावशीचे यजमान. चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते आणि निवृत्त झाल्यावर डहाणूतल्या कौलारू घराच्या पडवीत त्यांनी मंत्रध्यानाचा वर्ग काढला. दोन हजार चौदा साली मला तलासरीच्या शाळेत नोकरी लागली आणि फुकट खोलीच्या आशेने मी मावशीकडे राहायला गेलो. खोली फुकट होती हे खरं, पण पहाटे साडेपाचला पडवीतली हजेरी चुकत नव्हती.

ध्यानाचा वर्ग म्हटलं की उदबत्ती, मंद आवाज, डोळ्यांत करुणा असं काहीबाही आपल्याला वाटतं. मावसोबांकडे शिस्त होती. मालगाडी सुटण्याआधी गार्डाने मागून हिरवा बावटा दाखवायचा, इंजिनातल्या ड्रायव्हरने त्याला उत्तर द्यायचं आणि मगच गाडी हलवायची, हा रेल्वेचा नियम त्यांनी जसाच्या तसा ध्यानाला लावला होता. सरकारी बावटा परत करावा लागल्यामुळे त्यांनी मावशीच्या जुन्या हिरव्या परकराचा एक शिवून घेतला होता. तो घेऊन ते सगळ्यांच्या मागे बसत, कारण गार्ड पुढे बसल्याचं कुणी ऐकलं आहे का? आम्ही सात-आठ जण त्यांच्याकडे पाठ करून बसायचो, माना मुरगाळून बावटा बघायचो आणि एकेक हात वर करायचो. एक जरी हात राहिला तरी ओंकार सुटत नसे. वर्गाचा कुणाला आणखी काय फायदा झाला ते ठाऊक नाही, पण आमच्या माना सुधारल्या.

ओंकार अठरा सेकंदांचा. चार सेकंद अ, सहा सेकंद उ आणि आठ सेकंद म. मनगटावरचं घड्याळ ते डोळ्यांजवळ धरत आणि मध्येच चोरून श्वास घेणाऱ्याला पाठीमागून बरोबर ओळखत. बाजारातले किराणा दुकानदार शेठ देहाने भरभक्कम, पण श्वासाने गरीब. "काका, मारो दम तो दसमां पूरो," असं ते एकदा गुजरातीत कळवळून म्हणाले. त्यावर मावसोबांनी त्यांना शांतपणे सांगितलं की शेठ, दहा सेकंदांत गाडी फलाटाबाहेरसुद्धा निघत नाही. शेठ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, यात मावसोबांचा मोठेपणा किती आणि पोह्यांचा किती, ते मी सांगू शकत नाही. पोहे मावशी करायची. ती स्वतः मात्र वर्गाला कधी बसली नाही. सगळ्यांनीच डोळे मिटले तर दुधाकडे कोण बघणार, असं तिचं म्हणणं होतं.

सरकारी दवाखान्यात नर्सबाई रक्तदाब मोजायला पट्टा गुंडाळत, की मावसोबा डोळे मिटून ओंकार सुरू करत, आणि पट्टा फुगवून बाई बिचाऱ्या ताटकळत उभ्या राहत. चारोटी नाक्यावर तर एकदा आमची एसटी समोर येऊन थांबली आणि निघूनही गेली. मावसोबा तेव्हा तेराव्या सेकंदाला होते. पुढची बस दीड तासाने आली. तेवढ्या वेळात त्यांनी एका चहावाल्याला आणि दोन ट्रकवाल्यांना श्वास शिकवला.

त्यांचा एक सिद्धांत होता. ओंकार खरा लागला की खालची जमीन थरथरते. हे ते इतक्या खात्रीने सांगत, की नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे. चार वर्षं आम्ही घसे खरवडले, पण आमच्याखालची चटईसुद्धा कधी हलली नाही. दोष अर्थात आमच्या श्वासाचा.

आणि दोन हजार अठराच्या हिवाळ्यात एका सकाळी ती हलली. आधी बुडाखाली घरघर झाली, मग कौलं खडखडली, फडताळातली भांडी धडाधड खाली आली. शेठ त्या देहानिशी आमच्या सगळ्यांच्या आधी अंगणात पोहोचले. मी वळून पाहिलं तर पडवीत मावसोबा एकटे बसलेले, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परमानंद. हलत्या डब्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस तो, त्याला हादऱ्याचं काय! अठरा सेकंद पुरे करून त्यांनी डोळे उघडले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "लागला."

तो भूकंप होता हे मलाच त्यांना सांगावं लागलं. आयुष्यात इतकं वाईट काम मी दुसरं केलेलं नाही.

पुढे धक्के येतच राहिले. माणसं घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहू लागली, वर्गाला कुणी येईना. मावशीने तर धास्तीच घेतली. पेला वाजला तरी ती अंगणात पळायची. शेवटी चूलही तिने बाहेर चिकूखाली मांडली. नाशिकहून माझ्या मावसबहिणीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं की रविवारी आईला तरी इकडे आणून सोड. मावसोबा जायला तयार नव्हते. गार्ड गाडी सोडून जात नाही, एवढं एकच त्यांचं उत्तर. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि आता एक जण नाशिकला, एक डहाणूला राहणार होता.

शनिवारी संध्याकाळी मावशी चिकूखाली बाजेवर बसली होती. तेवढ्यात एक बारीकसा धक्का आला. तिने खाट घट्ट धरली आणि म्हणाली, "अहो, मला शिकवा तुमचं ते."

मावसोबा तिच्या मागे नाही, शेजारी बसले. दोघांनी ओंकार सुरू केला. पाचव्या सेकंदाला मावशीचा श्वास संपला. आता बोलणी बसणार म्हणून मी वाट बघत होतो, तर मावसोबाही पाचव्यालाच थांबले. ती श्वास घेईपर्यंत थांबले, ती सुरू झाल्यावर सुरू झाले. अंधारून येईपर्यंत ते तसंच चाललं होतं.

नंतर मी बॅग भरायला घेतली तर मावशीने माझ्या हातातून साडी काढून घेतली. "नको भरूस. मला मेलीला कसली भीती? हे घाबरलेत रे. मी गेले तर कसं होईल? त्यांना मात्र बोलू नकोस."

मी बाहेर आलो तर मावसोबा नळावर पाय धूत होते. माझ्याकडे न बघताच ते बोलायला लागले. "मला हे कुणी शिकवलेलं नाही. शेवटच्या डब्यात एकटा असायचो. जंगलात चार-चार तास सिग्नल मिळायचा नाही. भीती वाटायची, म्हणून मोठ्याने ओंकार म्हणायचो. ती गेली तर मला पुन्हा तसंच बसावं लागेल. तिला सांगू नकोस."

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. मावसबहिणीला फोन करून आई येत नाही एवढंच कळवलं आणि तिची बोलणी निमूटपणे खाल्ली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. इथली जमीन हलत नाही आणि पहाटे मला कुणी उठवतही नाही. तरी कधी कधी उगीचच जीव घाबरा होतो. अशा वेळी शेजारी बसून आपल्यासाठी स्वतःचा श्वास आखूड करणारं कुणीतरी असावं, असं फार वाटतं. मला अजून तसं कुणी मिळालेलं नाही.