मालूताईनं गाणं सोडलं

मालूताई माईक तोंडापासून हातभर लांब धरायची. साऊंडवाला वैतागायचा, पण तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत आपोआप पोचायचा. मूळची देवरीकडच्या खेड्यातली, ती गोंदियाच्या रेल्वे कॉलनीत मामाकडे वाढली आणि शेजारच्या निवृत्त इंजिन ड्रायव्हरच्या रेकॉर्डी ऐकून जॅझ अन् सोल गायला शिकली. नागपूरच्या हॉटेलांत आम्ही कितीतरी वर्षं कार्यक्रम केले, मी की-बोर्डवर. मी सूर जरा गुळगुळीत करायला गेलो की सर्वांदेखत झापायची, "सूर रडून राहिला तं रडू दे नं भाऊ. त्याचे डोळे कायले पुसतो?"

मग गावाकडं तिची वहिनी बाळंतपणात गेली. गावच्या दवाखान्याला कायमचं कुलूप, अन् गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं आटोपून मालूताई गोंदियात कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरून बसली. सोबत आम्ही चार वाजवणारे. गावाला नर्स द्या, एवढीच मागणी. ती गायली तेव्हा रस्ता थांबला. साहेब बाहेर आले, "वाह, क्या आवाज है" म्हणाले, तिच्याबरोबर फोटो काढला आणि जीपमध्ये बसून निघून गेले. निवेदन तिच्या हातातच राहिलं.

परत जाताना ती म्हणाली, "गाणं ऐकलं का लोकाईचं मन भरते, भाऊ. मन भरलं का कोणी काम करत नाही."

त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं आणि गावी राहायला गेली. मी भांडलो, हात जोडले. रागच आला होता मला; असा आवाज कोणी जिवंतपणी पुरतं का? पण तिचा हट्ट म्हणजे हट्ट. घरोघर फिरून तिनं बायका जमवल्या, मोर्चे नेले, ग्रामपंचायतीत निवडून आली. शेवटी कुलूप निघालं, नर्स आली.

गेल्या पावसाळ्यात तिचा मलेरिया डोक्यात गेला. नागपूरला नेताना वाटेतच ती गेली.

मातीला गावातल्या झाडून साऱ्या बायका आल्या होत्या. मी एका बाजूला रडत उभा होतो. एका म्हातारीनं विचारलं, "तुमी कोन जी बाईचे?"

"त्या गायच्या. मी साथीला वाजवायचो."

"गात होती?" तिनं शेजारणीकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं. म्हातारी हळूच म्हणाली, "धानाच्या रोवन्यात आमी दिवसभर गातो जी. बाई आमच्या संगं बांधीच्या चिखलात रोवे अन् चुप राहे. आमाले वाटे, बिचारीले गाता येत नाही."