वहिनींच्या पाकिटातल्या बायका

कटिंगवाल्या वहिनी माणसाकडे बघायला खांद्यांपासून सुरुवात करत. चेहऱ्याची पाळी नंतर येई, कधी कधी येतही नसे. माकुणसारच्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि वहिनी माझ्या बायकोच्या, सुमनच्या, कानात म्हणाल्या, "नवरीचा डावा खांदा उतरता हाय." मागच्या बाईने तेवढंच ऐकलं. पंगत बसेपर्यंत मुलीत काहीतरी खोट असल्याची बातमी वरपक्षाकडे पोचली होती. शेवटी वहिनींना पंगतीत उभं राहून खुलासा करावा लागला. "खोट मुलीत नाय, ब्लाउजच्या कापात हाय. सगळ्यांचेच खांदे वरखाली असतात. नवरदेवाचे बघा की." मग सगळी पंगत नवरदेवाकडे बघत जेवली.

वहिनी माकुणसारला आमच्या शेजारी राहत. त्या कपडे शिवून देत नसत. ब्लाउजचं पेपर कटिंग विकत. खाकी कागदावर पाठ, पुढचा भाग आणि बाही आखायची, कापायची, घडी घालून पाकिटात भरायची. घेणारीने तो कागद कापडावर ठेवायचा, कडेने खडूची रेषा मारायची आणि कात्री चालवायची. "बायका शिवतात मजेत, कापताना घाबरतात," त्या म्हणत. "मी त्यांची भीती कापून देते." नम्रपणाचा आरोप त्यांच्यावर कोणी केला नाही.

त्यांच्या पाकिटांवर मापाचे आकडे नसत, बायका असत. प्रत्येक नमुना ओळखीच्या एका बाईच्या अंगावरून काढलेला, आणि पाकिटावर तिचं नाव, चित्र आणि वर्णन. चित्रकला बेताची असल्यामुळे सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटत, पण वर्णन चोख असे. "पाम गावची शेवंती. बुटकी, पोट सुटलेलं, हसते फार." खाली सूचना: "शेवंतीसारखी असाल तर रेषेवर कापा. थोडी बारीक असाल तर रेषेच्या आतून."

नाव घालायचा एक नियम होता. पहिला ब्लाउज त्या बाईला शिवून द्यायचा. तिने तो कामाचा एक पुरा दिवस घालायचा आणि पास करायचा. तोवर पाकीट विक्रीला जात नसे. सातपाटीच्या गुलाबने वहिनींना सर्वांत जास्त छळलं. गुलाब डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायला यायची. पहिला ब्लाउज घालून आली ती तक्रार घेऊनच.

"वयनी, टोपलीला हात लावला की तुजा ब्लाउज वर चढते नि माज्याआदी सफाळ्याच्या बाजारात पोचते."

वहिनींनी मुंढा, म्हणजे काखेचा गोल, वर घेतला, बाहीचा उंचवटा कमी केला. गुलाब पुन्हा आली, पुन्हा हात वर करून दाखवला. असं बरेचदा झालं. शेवटी जो ब्लाउज पास झाला, तो "सातपाटीची गुलाब. उंच, रुंद, हात सतत वर" या नावाने इतका खपला, की दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या आणि फळ्यावर लिहिणाऱ्या बायकाही गुलाब मागू लागल्या.

आखणी मात्र ओटीवर, जमिनीवर गुडघे टेकून चालायची. ते गुडघे एका पावसाळ्यात संपावर गेले. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसायचं नाही. उभ्याने काम करायचं तर मोठं टेबल हवं, टेबलाला खोली हवी, नाहीतर धंदा बंद. तेवढ्यात बोईसरच्या एका मॅचिंग सेंटरच्या शेठने कायमची ऑर्डर देऊ केली. त्यातून खोली उभी राहणार होती. शेठ नुकतेच कसल्याशा उद्योजक मेळाव्यात शाल पांघरून आले होते आणि ती शाल मनाने अजून उतरवली नव्हती. "मॅडम, ब्रँड ऐसे नहीं बनता. नाम निकालो, नंबर डालो."

दोन दिवसांनी वहिनींनी नावं काढून नंबर घालायला होकार दिला. मग त्यांनी गुलाबला सांगितलं.

"म्हंजे मी आता कोन?" गुलाबने विचारलं.

"चाळीस."

"जरा कमी कर गो. आडतीस लिव."

चाळीसच लिहिलं, आणि बोईसरमध्ये नेमकं हेच घडलं. काउंटरवर चारचौघींत नंबर विचारला की प्रत्येक बाई दोन इंच खाली उतरायची. ब्लाउज शिवले, घट्ट झाले, पाकिटं परत आली. एका सकाळी शेठ गाडीभर पाकिटं घेऊन ओटीवर हजर झाले.

"मॅडम, सब टाइट है. अपना बंद करते हैं."

वहिनींच्या चेहऱ्यावरून खोली पुसली जाताना मी पाहिली. गुलाब अंगणात टोपली उतरवून बसली होती. तिने विचारलं, "शेठ, तुजी शेठानी किती नंबरची?"

"चौंतीस," शेठ अभिमानाने म्हणाले.

वहिनींनी पट्टी खाली ठेवली. "नंबर राहू दे, शेठ. या गुलाबकडे बघा. तुमची बायको हिच्यासारखी की हिच्याहून बारीक?"

शेठने बराच वेळ बघितलं. शाल तेव्हा कुठे उतरली असावी.

"इन के जैसी," ते हळूच म्हणाले. "थोडी ज्यादा."

"रेषेच्या बाहेरून कापा," वहिनी म्हणाल्या. "आणि नावं परत घाला. आकडा विचारला की बाई खोटं बोलते. कोणासारखी ते विचारलं की खरं सांगते."

नावं परत आली, ऑर्डर राहिली, दिवाळीनंतर मागच्या पडवीत खोली झाली. सुताराने टेबल आणलं. वहिनींनी त्यावर पहिला कागद पसरला आणि त्या दिवशी जेवायलाही बसल्या नाहीत.

पुढे माझी बदली नाशिकला झाली. आम्ही निघालो तेव्हा टेंपो दारात उभा, आणि वहिनी टेबलाशी. "भाऊजी, थांबवा त्याला. घडी घालायची राहिली." बाहेर येऊन त्यांनी माझ्या बायकोच्या हातात पाकीट ठेवलं, आत कागदाबरोबर शिवलेला ब्लाउज. वर लिहिलं होतं, "माकुणसारची सुमन. सडपातळ. पिशव्या डाव्या हातात, म्हणून उजवा खांदा वर." सुमनने त्यांना कधी माप दिलं नव्हतं.

"दिवसभर घाल नि सांग," वहिनी म्हणाल्या. "तू पास केल्याबिगर विकणार नाय."

ब्लाउज इतका चपखल बसला की सुमन तो प्रत्येक समारंभाला घालते. मात्र दर रविवारी फोन लावते. "वहिनी, बाही जरा ओढते हो." टपालाने नवी बाही येते. पुढच्या रविवारी गळ्याची कुरबुर. मी म्हटलं, आता पास करून टाक की. ती म्हणाली, "मग फोन कशासाठी करू?"

बोईसरचे शेठ नवा नमुना मागत असतात. वहिनी त्यांना सांगतात म्हणे, "सुमनचं चाललंय. बाई फार चिकित्सक हाय."