दाव्याशिवाय घेतलेली घोडी

काहीही विचारा, म्हातारा सरळ उत्तर द्यायचा नाही. आधी हनुवटी उचलायचा, टांग्याला जुंपलेल्या घोडीकडे वळवायचा आणि मग म्हणायचा, "तिला इचारा."

लढाईच्या आधीच्या वर्षांत तुम्ही कधी कापूरहोळच्या फाट्यावर उतरला असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. साताऱ्याकडची मोटार उतारू टाकून धुरळा उडवत निघून जायची आणि भोरला जाणारी माणसं टांग्यांकडे वळायची. ओळीतला शेवटचा टांगा त्याचा. उत्रोलीचा माणूस, गालात तंबाखूची गोळी, पुढ्यात मैना नावाची तांबडी घोडी. कधी निघणार? तिला इचारा. अजून किती माणसं कोंबणार? तिला इचारा.

एकदा भोरच्या कचेरीतले एक कोटवाले कारकून त्याच्या टांग्यात बसून घायकुतीला आले होते. "अहो, वेळेवर हजर व्हायचंय मला. साहेबांना काय सांगू?"

"सायबास्नी सांगा, बाईमानूस हाय. तिचं आवरल्याबिगर ती घराभाईर पडत न्हाई."

माणसं हसली. मी बाजूलाच उभा होतो आणि मी घोडीकडे नाही, म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो. निम्म्या वेळा झोप घोडीला नव्हे, त्यालाच आलेली असायची. दोष घ्यायला चार पायांची बाई असली की माणसाचं बरं चालतं.

मी वेल्ह्याकडचा. पोरवयात हिरड्याची ओझी डोक्यावरून नसरापूरच्या बाजाराला आणली, मग तांदळाचा व्यापार केला, भोरला दुकान घातलं. बापानं मागं ठेवलेलं असं काही नव्हतं. जे मिळालं ते घासाघीस करून आणि वेळ पडली तर आरडाओरडा करून. माझ्या तोंडाला लागून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही. एक हा म्हातारा सोडला तर. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं त्याच्याशी भांडण मिटलेलं नाही.

पहिली गाठ तांदळाच्या पोत्यांवरून पडली. माझ्या मालाची कायमची वाहतूक त्यानं घ्यावी म्हणून मी अर्धी सकाळ त्याच्याशी बोललो. आवाज चढवला, निघून जायचं नाटक केलं, परत आलो. त्यानं शेवटी हनुवटी उचलली. मैनेनं माझ्याकडे पाठ केली आणि जागच्या जागी लीद टाकली.

"झालं," म्हातारा म्हणाला. "न्हाई म्हनली."

मैनेला एक पोर होती, ठकी. आईसारखीच तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. चार वर्षांची झाल्यावर म्हाताऱ्यानं ती विकायला काढली. दुकानाच्या मालासाठी मला स्वतःचा टांगा जोडायचाच होता. मी विचारलं, खोड काय आहे? खोड असल्याशिवाय कोणी तरणी घोडी विकत नाही.

"खोड कशाची, शेट? मायलेकी एका दावनीला नांदत न्हाईत. आई चावती, लेक लाथा घालती. माज्या घरात बी ह्येच झालं. पर मानसं इकता येत न्हाईत."

त्याच्या अंगणात सौदा बसला. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरून बोलायचं, म्हणजे भोवतीच्या माणसांना कळत नाही. मी उत्रोलीच्या वाटेवर मनात सगळं ठरवून आलो होतो: कुठं सुरुवात करायची, कुठं हात काढून घ्यायचा, कुठं चिडायचं. पण म्हाताऱ्यानं माझी बोटं चाचपली आणि लगेच मान हलवली. मी जिंकलो होतो. इतका सहज, की मलाच चुकल्यासारखं वाटलं.

मग तो उठला. ठकीच्या गळ्यातलं दावं सोडलं, त्याची नीट गुंडाळी केली आणि गोठ्याच्या खुंटीला अडकवली. ठकी मोकळी उभी.

"न्या, शेट."

"आणि दावं?"

"दावं कसं द्यायचं? जनावर इकत्यात, दावं न्हाई इकत. गोठ्याची बरकत जाती. तुमी आनलं न्हाई व्हय?"

रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. विकणारा दावं ठेवून घेतो, घेणारा आपलं आणतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी स्वतः कितीतरी बैल घेतले होते, दर वेळी नवं दावं खांद्यावर टाकून. पण त्या दिवशी सगळी वाट डोक्यात फक्त भाव होता.

कोपऱ्यात काथ्याच्या दोरीचं भेंडोळं पडलं होतं. मी म्हटलं, "ते तरी द्या."

"त्ये बी गोठ्यातलंच हाय."

बघा आता. शेजारी हाक मारली असती तर वीतभर दोरी मिळाली असती. तो मारेना आणि मीही तोंड उघडीना. शेवटी मी डोक्याचा पटका उतरवला, ठकीच्या गळ्यात बांधला आणि बोडक्या डोक्यानं भोरच्या बाजारातून निघालो. त्या काळी घरात कोणी गेल्याशिवाय माणूस बोडक्यानं रस्त्यावर यायचा नाही. चौकातल्या तांबोळ्यानं पान लावता लावता हाक मारली, "कोण गेलं, शेट?"

सगळा चौक हसला. आणि नेमकी तिथंच ठकी थांबली. ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या. ती कान मागे टाकून उभी. तिला जायचं झालं तेव्हाच ती निघाली, तोवर बाजारातल्या प्रत्येकानं मला पोटभर पाहून घेतलं होतं.

पुढची वर्षं कशी गेली ते ज्यांनी हट्टी घोडी पाळली असेल त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाळली नसेल त्यांना सांगून उपयोग नाही. सकाळी डोळे उघडले की देव आठवायच्या आधी घोडी आठवायची. आज खाईल का, आज जुंपून घेईल का, आज कोणाचं धोतर फाडेल. चाबूक उचलला की ती चालायची थांबायची. चाबूक खाली ठेवला की वळून बघायची, खरंच ठेवला का. माझी बायको तिला भाकरीचा तुकडा द्यायची, तिच्या मागं ती शेळीसारखी जायची.

"तुमी तिच्याशी बोलता त्ये भांडल्यावानी," बायको म्हणाली.

"मी सगळ्यांशी असाच बोलतो."

"त्येच म्हनते म्या."

एकदा वेल्ह्याहून तांदूळ घेऊन येताना गुंजवणीच्या काठावर ठकी अडली. पाणी घोट्याएवढं. मी खाली उतरलो, पुढून ओढलं, मागून रेटलं, घसा बसेपर्यंत ओरडलो. मग थकून दगडावर बसलो. मनात आलं, जनावराला कळतं म्हणतात, वरून लोंढा येत असेल. मी लोंढ्याची वाट पाहत बसलो. आमच्या शेजारून बैलगाड्या गेल्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया गेल्या, एक कुत्रं गेलं. लोंढा आला नाही. पाणी होतं तेवढंच राहिलं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली की पुढचं ऐकायला लोक सरसावून बसतात. पुढं काही नाही. तिला जायचं नव्हतं, एवढंच.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा ती दावं तोडून उत्रोलीला पळायची. मी नवं दावं घेऊन, वाटभर धुमसत, मागून जायचो. म्हातारा अंगणात तंबाखू मळत बसलेला असायचा.

"आली व्हती पावनी. पानी पाजलंय."

"तुम्हीच लावलीय तिला ही सवय, आबा."

"म्या? तिला इचारा."

"आता हे खुंटीवरचं दावं देऊन टाका मला. त्याच्यासाठी येते ती. ते माझ्या घरी असलं की राहील."

"न्हाई द्यायचं, शेट."

दर वेळी हेच. मी मागायचो, तो नाही म्हणायचा, आणि खुंटीवरचं ते घामानं काळं पडलेलं दावं आम्हा दोघांच्या डोक्यावर लोंबत असायचं. मला त्या दोरीचं करायचं काय होतं? बाजारात हवं तेवढं दावं मिळत होतं. पण जोवर ते त्याच्या खुंटीला होतं, तोवर ठकी माझी झाली असं मला वाटत नव्हतं. बहुधा तिलाही वाटत नव्हतं.

सुख नव्हतं असं म्हणणार नाही. एका संध्याकाळी वरवे बुद्रुकच्या सपाटीवर ठकी आपण होऊन धावायला लागली. चाबूक नाही, हाक नाही. भाताची खाचरं दोन्ही बाजूंनी मागं पडत होती आणि टांग्याची चाकं जमिनीला लागत नसल्यासारखी चालली होती. मी लगाम सैल सोडला आणि तोंड मिटून बसलो. आयुष्यात एवढा वेळ मी गप्प बसलो नव्हतो. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगण्यासारखा एकच माणूस आठवला. मी घरी न जाता परस्पर उत्रोली गाठली.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कान कुठं व्हते?"

"पुढं."

"मंग झालं."

त्यानं तंबाखूची चिमूट पुढं केली. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

पुढं मैना मेली. फाट्यावरून भोरला मोटारी जायला लागल्या. म्हाताऱ्यानं टांगा मोडला आणि गोठ्यात नुसती ती खुंटी उरली. मी त्याला म्हटलं, माझा टांगा हाका, ठकी तुमचं ऐकते. त्यानं हनुवटीसुद्धा उचलली नाही. मैना गेल्यापासून त्याचं ते बोलणंच बंद झालं होतं. विचारणार कोणाला?

त्यानं अंथरूण धरलं तेव्हा वरव्याला दिलेली त्याची लेक येऊन राहिली. मी भेटायला गेलो. ठकीला दारात उभी केली, तिथून ती त्याला दिसावी म्हणून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठकीनं लगेच तोंड फिरवलं आणि कुडाचा पेंढा ओढून खायला लागली.

मी जाऊन जाऊन सौद्यावरच गेलो. "आबा, शेवटचं विचारतो. ते दावं विका मला."

तो हसला. हसता हसता खोकला. "दावं इकत न्हाईत, शेट."

"भाव तर ऐका."

मी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या हातावर टाकलं आणि खाली हात घातला. त्याची बोटं वाळक्या काटक्यांसारखी झाली होती. त्यानं माझं एक बोट धरलं नाही, दोन धरली नाहीत. आख्खा हात हातात घेतला आणि धरून ठेवला.

"हे किती झाले, आबा?"

"मोटे येपारी न्हवं तुमी," तो डोळे मिटून म्हणाला. "काडा की हिशेब."

हात मी सोडवून घेतला नाही. त्याला झोप लागल्यावर तो आपोआप सुटला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ठकी खुंट्याला नव्हती. दावं तुटलेलं. तुम्ही लगेच काही अर्थ लावू नका, तिला नेहमीचीच सवय होती. मी नवं दावं खांद्यावर टाकलं आणि शिव्या देत उत्रोलीला गेलो. अंगणात माणसं जमली होती. आत लेक रडत होती. ठकी तिच्या जुन्या जागी उभी राहून कोणीतरी टाकलेलं गवत खात होती.

तिरडी बांधत होते, आणि दोरी कमी पडत होती. एक जण भोरला धावायला निघाला, तेवढ्यात दुसऱ्याचं लक्ष गोठ्यातल्या खुंटीवर गेलं. लेक डोळे पुसत बाहेर आली.

"त्ये न्हाई, दादा. गोठ्याचं दावं गोठ्यात ऱ्हाऊ द्या म्हनलं व्हतं बाबांनी."

गोठ्यात काय होतं? मी खांद्यावरचं नवं दावं काढून पुढं केलं. माझ्याच दाव्यानं तिरडी बांधली. पटका काढून मी खांदा दिला तेव्हा त्या दाव्याची गाठ माझ्या कानाशी घासत होती. म्हणजे बघा, इतकी वर्षं मागून त्यानं त्याचं दावं मला दिलं नाही, आणि जाताना माझं घेऊन गेला. एवढा मोठा व्यापारी मी.

नदीवरून परतलो. ठकी तिथंच होती. तिला न्यायला हातात काही नव्हतं. लेकीनं एकदा खुंटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मागितलं नाही. खांद्यावरचा पटका ठकीच्या गळ्यात बांधला आणि निघालो.

भोरच्या चौकात ठकी थांबली. मी ओढलं नाही. तांबोळी म्हातारा झाला होता, दुकान तेच होतं. त्यानं माझ्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं, घोडीच्या गळ्यातल्या पटक्याकडे पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही. तो पान ठेवून उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "कोण गेलं, शेट?"

मी तोंड उघडलं. तो माझा नात्याचा नव्हता, गावचा नव्हता, चाकर नव्हता. मित्र म्हणावा तर सरळ दोन शब्द कधी बोलला नाही. मी हनुवटी उचलली आणि ठकीकडे वळवली.

तांबोळ्याला कळलं असावं. त्यानं मान खाली घातली. ठकी अजून उभीच होती, आणि तिला जायचं होईपर्यंत मीही तिच्या शेजारी उभा राहिलो.