हँडलवरचे दोन हात

दातांच्या डॉक्टरांचा हात हलका आहे, हे त्यांच्याकडे दाढ सोडून आलेलं कुणीही सांगेल. दाढ निघून ताटलीत टण्णकन वाजते, तेव्हा कुठे पेशंटला कळतं की गेली बाई एकदाची. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात चिमटा आणि तोंडाने सारखा जप, "काही होत नाही, सैल सोडा, सैल सोडा."

तोच हात रविवारी सकाळी सायकलच्या हँडलवर पडला की सिमेंटात बसवल्यासारखा व्हायचा.

चालत्या सायकलवर डॉक्टरांना हँडलवरचा हात सोडता येत नसे. दोन्ही हात सोडून मुलींच्या शाळेसमोरून जाणारे शूर वीर निराळे. डॉक्टरांना एकसुद्धा सोडता येत नसे. नाकावर माशी बसली तर ती तिच्या सवडीने उठेपर्यंत तिला नाकावर घेऊन फिरायचं. बाटली फ्रेमला लटकलेली, घशाला कोरड पडलेली, आणि पाणी प्यायचं ते सगळे थांबतील तेव्हा. बरं, कधी पडले होते म्हणावं, तर तसंही नाही. पडले असते तर बरं झालं असतं. गुडघ्यावर एक वण असता, सांगायला एक गोष्ट असती, भीतीला निदान पत्ता असता. ही आपली बिनपत्त्याची भीती. हात उचलायचा विचार आला की बोटं आणखी घट्ट.

ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती.

रविवारच्या सायकलवाल्या मंडळींना कशी कळली नाही, ते सांगायला हवं. मंडळी सहा. पुढे कॅप्टन, हे आयुष्यभर विमा कंपनीत होते, 'कॅप्टन' ही पदवी निव्वळ आवाजाच्या जोरावर मिळालेली. मग गणिताच्या बाई. मग बँकेतले दोघे भाऊ, जे सायकलवरही एकमेकांशी बोलत नसत. मग ग्रॅमशेठ, म्हणजे सराफ. सगळे एकामागोमाग एक, पुढच्याच्या चाकाला आपलं चाक जवळजवळ चिकटवून. असं गेलं की वारा पुढचा खातो आणि मागचे सुखात. पण मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने हाताने सांगायचं: डावीकडे खड्डा, तर डावा हात खाली, बोट खड्ड्याकडे, थांबायचं, तर पंजा पाठीमागे. ती खूण दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला द्यायची. शेवटच्याने कुणाला द्यायची? कुणालाच नाही.

लग्नघरात पाहुण्याला पंख्याखालची खुर्ची जशी बरोबर सापडते, तशी डॉक्टरांनी ही शेवटची जागा पहिल्याच दिवशी हेरली.

त्यावर मंडळींनी परस्पर थोरवी रचून टाकली. "डॉक्टर मुद्दाम शेवटी राहतात. कुणी मागे पडू नये म्हणून. मेंढपाळासारखे." डॉक्टरांनी ना हो म्हटलं ना नाही. थोरवी फुकट मिळत असेल तर माणूस पावती मागत नाही.

आता डॉक्टरांनी उपाय केले नाहीत असं नाही. उपाय म्हणून जे जे विकत मिळतं, ते ते केलं. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल बदलून रुंद आणलं. त्यावर जाड टेप गुंडाळली. तळव्याला गादी असलेले हातमोजे घेतले. टायर रुंद घेतले, त्यांतली हवा कमी केली, मग वाढवली, मग पुन्हा कमी केली. सीट मागे सरकवली, म्हणजे हातांवर भार नको. याचा परिणाम एवढाच झाला की चहाच्या टपरीवर डॉक्टर हे हँडलवरचे अधिकारी पुरुष ठरले.

"डॉक्टर, माझ्या वजनाला टायरात हवा किती ठेवू?"

"डॉक्टर, ही टेप घामाने सटकते हो."

आणि डॉक्टर अगदी पोटतिडकीने सांगत. सायकलचं पुढचं अंग इतक्या बारकाईने कुणी भोगलंच नव्हतं.

"मी परवा सीटचा खांब बदलला," ग्रॅमशेठ सांगत. दुकानात सोन्याचं वजन वाढलं की खूश आणि घरी सायकलचं घटलं की खूश, असा हा माणूस. "नव्वद ग्रॅम कमी!"

"शेठ, टपरीवरचं दुसरं बिस्किट सोडलंत तर फुकटात होईल," बाई म्हणत.

डॉक्टरांची बायको नव्या खरेदीचं खोकं उघडताना एकदाच म्हणाली होती, "अहो, दुखतोय एक दात आणि तुम्ही बाकीचे सगळे भरत बसलाय."

हे असंच चालायचं, पण कॅप्टनांचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं. तलावापर्यंतची मोठी फेरी तोंडावर आलेली. टपरीवर कॅप्टनांनी घसा खाकरला.

"पुढच्या रविवारी पुढे कोण, याचा मी विचार केलाय. डॉक्टर. ज्याने इतकी वर्षं सगळ्यांना मागून सांभाळलं, त्यालाच आता पुढे ठेवायचं."

टाळ्या पडल्या. दोघे भाऊसुद्धा एकाच वेळी वाजवते झाले. डॉक्टरांच्या तोंडात नेमका कढत चहाचा घोट. तो तसाच गिळला गेला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघा, भरून आलं त्यांना," ग्रॅमशेठ हळूच म्हणाले.

त्या आठवड्यात डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता म्हणणं कमीच आहे. टांगणीलाही एक खुंटी असते. रूट कॅनाल करता करता त्यांना समोर पाच सायकली दिसत. आपल्या चाकाला चिकटलेल्या बाई, बाईंच्या चाकाला भाऊ, शेवटी शेठ. आणि सगळ्यांच्या पुढे एक पाठ, जी काहीच सांगत नाही.

दुपारी दवाखाना बंद झाला की नवराबायको इमारतीच्या मागच्या अंगणात उतरत. बायको सीट धरून मागे धावायची.

"उचला!"

"धरलंयस ना?"

"मी धरलंय हो. सोडायचं तुम्हाला आहे."

"एक मिनिट... समोर स्कूटर आहे."

"ती उभी आहे, अहो. तिला मालक नाही, किल्ली नाही. ती काय करणार?"

सायकल जाऊन त्या निरुपद्रवी स्कूटरला बिलगली. वरच्या गॅलरीतल्या काकूंनी विचारलं, "डॉक्टर, सायकल शिकताय का? छान! वय नसतं शिकायला."

"लेकीला तर तुम्हीच शिकवलीत सायकल," बायको धापा टाकत म्हणाली.

"'हँडल दोन्ही हातांनी घट्ट धर', एवढंच शिकवलं तिला."

बायकोने पदराने घाम पुसला. मग हसू आवरून म्हणाली, "सांगून टाका त्यांना. काय होईल? हसतील."

"हसले तर चालेल गं. मागे ठेवून गेले तर?" डॉक्टर म्हणाले. "शनिवारी संध्याकाळपासून मला रविवार लागतो. तिथे मी दातांचा नसतो."

बायकोने सायकल पुन्हा सरळ केली. पण शनिवारपर्यंत डॉक्टरांनी मंडळींना काही सांगितलं नाही. त्यांनी एक तोड काढली होती: हाताऐवजी तोंडाने सांगायचं. ओरडायचं. आवाजाला कुठे हँडल सोडावं लागतं?

रविवारी ती तोड चालली, हेच वाईट झालं. "डावीकडे खड्डाऽऽ!" "काचा आहेतऽऽ!" "गतिरोधकऽऽ!" डॉक्टर भाजीवाल्यासारखे ओरडत होते आणि मागे सगळ्यांना गंमत वाटत होती. "वा, कॅप्टनांचा आवाज वारसाहक्काने मिळाला की!" शेठ मागून म्हणाले. कॅप्टन स्वतः मागे भाचीच्या गाडीत, बांधलेला गुडघा लांब करून बसलेले. डॉक्टरांच्या खांद्यांचा दगड जरा सैल झाला. वाटलं, निभतंय. कदाचित वर्षानुवर्षं निभेल.

मग हमरस्ता लागला. ट्रक सुरू झाले.

खड्डा डॉक्टरांना लांबूनच दिसला. रस्त्याच्या डाव्या अंगाला, पाइपासाठी खणून अर्धवट बुजवलेला, काठ धारदार. हात उचलायला भरपूर वेळ होता. डाव्या हाताला त्यांनी हुकूम सोडला. हात आपला तिथेच. दुसऱ्यांदा सांगितलं, बोटं आणखी आवळली. तेव्हा ते जिवाच्या आकांताने ओरडले, आणि त्याच क्षणी शेजारून जाणाऱ्या ट्रकने हॉर्न दिला. डॉक्टरांचं तोंड उघडलं, मिटलं. शब्द कुठे गेले ते त्यांनाही ऐकू आले नाहीत. ते स्वतः खड्ड्याला वळसा घालून पुढे गेले.

मागे फाडकन आवाज झाला.

बाईंचं पुढचं चाक काठावर आपटलं होतं. टायर फुटला, सायकल खडीत फरफटली, पण बाईंनी ती पडू दिली नाही. एक पाय टेकून उभ्या राहिल्या. भावांनी ब्रेक दाबले आणि ते जन्मात पहिल्यांदा एकमेकांशी बोलले: "सांभाळ!" शेठ गवतात आडवे झाले; सायकल हलकी असल्यामुळे त्यांच्यापेक्षा बरीच लांब गेली. ट्रक आपल्या वाटेने निघून गेला. तो जर बाईंच्या अंगावरून... डॉक्टरांनी तो विचार पुरा केला नाही. सायकल थांबवून ते मागे चालत आले.

बाईंचा चेहरा पांढराफटक होता. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या पाठीकडे बघत होते. फक्त पाठीकडे."

"अहो, सावली होती झाडाची," गवत झटकत शेठ म्हणाले. "नसेल दिसला त्यांना. होतं असं."

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. मंडळींनी पुन्हा एकदा परस्पर सगळं रचून हातात दिलं होतं.

"दिसला होता," डॉक्टर म्हणाले.

"मग हात का नाही केलात?"

"सुटत नाही."

"काय सुटत नाही?"

"हात. हँडलवरून. माझा कधीच सुटलेला नाही."

कुणाला एकदम उमजेना. मग शेठच्या तोंडावर हळूहळू उजाडलं. "म्हणजे ते पाणी न पिता..."

"हो."

"आणि ते शेवटी राहणं? मेंढपाळ वगैरे?"

"मेंढपाळ कसला, शेठ. मेंढरूच."

तोवर कॅप्टन एका पायावर लंगडत येऊन पोचले होते. त्यांनी सगळं ऐकलं, आणि तो प्रसिद्ध आवाज फुटला. "चार माणसं तुमच्या चाकाला बांधलेली असतात, डॉक्टर! आठवडाभरात तोंडातून एक शब्द काढता आला नाही? टपरीवर मी नाव घेतलं तेव्हा काय झालं होतं? तोंडात काय होतं?"

"चहा," डॉक्टर म्हणाले. खरं तेच होतं. कुणी हसलं नाही.

"बसा गाडीत," कॅप्टन म्हणाले. "सायकल मागे बांधू."

डॉक्टर खाली मान घालून गाडीकडे निघाले. दवाखान्यात त्यांनी हजारदा पाहिलेली चाल होती ती. नंबर लागलेल्या पेशंटची.

"गाडीत नको," बाई म्हणाल्या. त्या खाली बसून नवी ट्यूब चाकात घालत होत्या. "गाडीत बसले की पुढच्या रविवारी येणार नाहीत. फळ्याला घाबरणारं मूल एकदा घरी गेलं की शाळाच सोडतं. मला चीड आलीय, कॅप्टन, भरपूर आलीय. ती मी तलावावर काढणार आहे, नीट बसून. पंप द्या कुणीतरी."

"मग ठेवायचं कुठे यांना?" कॅप्टन म्हणाले. "पुढे नाही. शेवटी पुन्हा ठेवले तर जन्मभर तिथेच."

"पुढे मी," बाई म्हणाल्या. "हे शेवटून दुसरे. यांच्या भरवशावर एकच माणूस."

"आणि तो एक कोण?"

दोघे भाऊ आकाशातले ढग पाहू लागले. शेठनी आपली गवतातली सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. शेवटी सुस्कारा टाकला.

"माझी सायकल पटकन वळते," ते म्हणाले. "पण डॉक्टर, एक ऐका. मला मुलं आहेत आणि दात चांगले आहेत. दोन्ही तसेच राहू देत."

निघाले. आता पुढे बाई, मग भाऊ, मग डॉक्टर, मग शेठ. डॉक्टरांना मागे वळून पाहणंही जमत नसे. तेवढ्यानेही हँडल डगमगायचं. त्यामुळे शेठ मागे आहेत, हे फक्त त्यांच्या साखळीच्या बारीक कुरकुरीवरून कळत होतं. इतकी वर्षं त्यांच्या मागे नुसता रस्ता असायचा. आज मागे एक माणूस होता, त्याच्या मुलांसकट.

थोड्याच वेळात बाईंचा डावा हात खाली गेला. मग थोरल्या भावाचा. मग धाकट्याचा. खूण झपझप डॉक्टरांकडे येत होती, आणि पुन्हा एक ट्रक मागून गुरगुरत होता. डॉक्टरांनी डाव्या हाताला सांगितलं. हात हलला नाही. 'सैल सोड,' ते स्वतःला म्हणाले, आणि त्यांना कळलं की हे वाक्य किती निरुपयोगी आहे; आणि तरी पेशंट बिचारे तोंड उघडं ठेवतात.

मग कसं कोण जाणे, पंजा तिथेच राहिला आणि कोपर बाहेर गेला. चांगला फाकून, कोंबडीने पंख उघडावा तसा. एकदा. पुन्हा एकदा, खड्ड्याच्या बाजूला. सायकल जराशी डुलली, पण पडली नाही.

खड्डा डावीकडून मागे गेला. ट्रक धडधडत शेजारून गेला. डॉक्टर कान देऊन राहिले. फाडकन आवाज होईल, आता होईल. साखळीची कुरकुर ट्रकच्या आवाजात बुडाली होती.

ट्रक लांब गेला. कुरकुर पुन्हा ऐकू आली.

"डॉक्टर!" मागून शेठ ओरडले. "ते काय होतं?"

"खड्डा!"

"ते कळलं हो! खूण कसली ती? अंडं देताय काय?"

डॉक्टर हसणार होते, पण पुढे बाईंचा हात पुन्हा खाली गेला होता.