क्रमांक सत्तेचाळीसचे अकरा सेकंद

ऑफिसात तिला सगळे कलमताई म्हणत. टीव्हीवर खेळांचे सामने दाखवणाऱ्या कंपनीत ती प्रक्षेपणाच्या हक्क विभागात कामाला होती. कुठल्या करारातलं कुठलं कलम काय म्हणतं, हे तिला विचारलं की फाइल न उघडता उत्तर मिळायचं. पाठीमागे लोक चेष्टाही करत. हिला मागणी घालायची तर आधी मुदत, प्रदेश आणि नूतनीकरणाची अट लिहून न्या, म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं. नूतनीकरण आपोआप होणार नाही, एवढंच ती म्हणाली होती.

ती या कामात कशी आली, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

ती एकोणीस वर्षांची असताना तिचा दादा सायकलच्या शर्यतीत गेला. तेवीस वर्षांचा होता. उतारावरच्या एका वळणावर त्याचं पुढचं चाक सरकलं आणि तो दगडी कठड्यावर आदळला. शर्यत टीव्हीवर चालू होती, पण घरातल्या कुणीच ती पाहिली नाही. वडील आधीच वारलेले. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाच्या पाळीवर होती आणि ही कॉलेजात परीक्षा देत बसली होती. संध्याकाळी एक माणूस दारात येऊन उभा राहिला, तेव्हा दोघींना कळलं.

वर्षभराने आई दात दाखवायला दवाखान्यात गेली होती. तिथे भिंतीवर टीव्ही. कुठल्याशा कार्यक्रमाच्या सुरुवातीला धडाधड चित्रं येत होती: कुणी गोल मारतंय, कुणी कोलांटी घेतंय, आणि त्यात दादा पडला. अकरा सेकंद. पाठीवर सत्तेचाळीस आकडा, सायकल आधीच कललेली, मग कठडा. आई दात न दाखवताच घरी आली.

त्यानंतर तो कुठेही भेटायला लागला. बँकेत, केशकर्तनालयात, घड्याळाच्या दुकानाच्या काचेआड. कधी वर्षभर नाही, कधी आठवड्यातून दोनदा. दोघी कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी टीव्ही कुठे आहे ते बघत आणि त्याच्याकडे पाठ करून बसत. पाठ केल्यावरही निवेदकाचा आवाज ऐकू यायचाच. "अरेरे, आणि गेला!" असं तो म्हणायचा. दर वेळी तसंच, त्याच आवाजात.

एकदा जेवताना आई म्हणाली, "तो पडतो ते सगळ्या जगाने पाहिलं. त्याच्या आधी तो चार तास सायकल चालवत होता ना? ते मला कुणी दाखवेल का?"

त्या वेळी कलमताई सत्तावीस वर्षांची होती, एका गोदामात टंकलेखक होती. अर्धा दिवस रजा काढून ती शर्यत दाखवणाऱ्या त्या कंपनीत गेली. तिला हक्क विभागाच्या वकीलसाहेबांपुढे बसवलं. जाड चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी फाइल मागवली, बराच वेळ वाचली आणि मग कोऱ्या कागदावर एक रेघ ओढून तिचे दोन भाग केले.

"हे बघा बाई, शर्यत भरवली संघटनेने. ती दाखवायचा हक्क मुळात त्यांचा. तो त्यांनी आम्हाला दिला. पूर्ण शर्यत दाखवायला पाच वर्षं. आणि ठळक क्षण दाखवायला कायम."

"कायम म्हणजे?"

त्यांनी वाचून दाखवलं. "जगभर, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी."

"मग पूर्ण शर्यत?"

"पाच वर्षं संपली. तो हक्क संघटनेकडे परत गेला. आणि संघटना भांडणात मोडली, बंद झाली. आता कुणाकडे मागायचा? फीत आमच्या कपाटात आहे, पण ती दाखवायचा हक्क कुणाचाच नाही."

कलमताई कागदावरच्या रेघेकडे बघत राहिली. "म्हणजे तो पडताना तुम्ही कधीही दाखवू शकता. पण न पडताना दाखवू शकत नाही."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "कागदावर तसंच आहे खरं."

"आणि आमचा हक्क?"

"त्याने प्रवेशपत्रावर सही केली होती. त्याच्या चित्राची परवानगी त्यातच गेली. घरच्यांचा..." त्यांनी फाइल मिटली. मग ती उठत असताना ते म्हणाले, "आमच्याकडे एक टंकलेखकाची जागा आहे. तुम्हाला राग येणार नसेल तर सांगतो."

राग तिला आला होताच. तरी महिन्याभराने ती तिथे रुजू झाली.

आईने विचारलं, "ज्यांनी त्याला ठेवून घेतलंय, त्यांच्याकडे काम करणार?"

"तो तिथेच आहे म्हणून," ती म्हणाली.

करार टाइप करता करता ती ते वाचायला शिकली. थेट प्रक्षेपण वेगळं, पुनर्प्रक्षेपण वेगळं, बातमीत वापरायचं चित्र वेगळं, जाहिरातीतलं त्याहून वेगळं. एकच सामना कापडासारखा कापून दहा जणांना देता येतो आणि प्रत्येकाच्या तुकड्याला वेगळी मुदत असते. वकीलसाहेब शिकवायचे, ती वहीत उतरवून घ्यायची. कंपनीच्या नोंदीत दादाला नाव नव्हतं. "अपघात, उतार, क्र. ४७, अकरा सेकंद", एवढीच ओळ होती. पाच-सहा महिन्यांतून एकदा कुणीतरी ती ओळ मागायचं आणि परवानापत्र टाइप करायला तिच्याच टेबलावर यायचं. ती करायची. पहिल्या वेळी बोटं चालेनात, म्हणून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं.

फितींच्या खोलीचे काका तिच्यावर माया करत. त्यांना सगळं कळलं होतं. एका दुपारी त्यांनी ती फीत काढून यंत्राशेजारी ठेवली आणि म्हणाले, "मी चहा घेऊन येतो. मला यायला वेळ लागेल." ते परत आले तेव्हा फीत जिथल्या तिथे होती. कलमताई खुर्चीत सरळ बसलेली. फीत लावली तर ती त्या वळणाशीच जाऊन पोचणार, आणि या वेळी आपण स्वतः दादाला तिथवर नेलेलं असणार, हे तिच्या मनातून जाईना.

अशी एकोणीस वर्षं गेली. वकीलसाहेब निवृत्त झाले, काकाही गेले. वकीलसाहेबांच्या खुर्चीत नव्या प्रमुखबाई आल्या, हुशार, घाईच्या, कलमताईपेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी कंपनीच्या जुन्या गोदामातले सगळे मूळ करार स्कॅन करायला काढले आणि पानं तपासायचं काम कलमताईकडे आलं. त्या गठ्ठ्यात शर्यतीचा करार होता. ऑफिसातल्या प्रतीला नसलेलं एक शेवटचं पान त्याला जोडलेलं होतं, त्यावर व्याख्या होत्या.

ठळक क्षण म्हणजे प्रक्षेपणाच्या दर तासामागे तीन मिनिटांपर्यंतचा, कंपनीने स्वतःच्या मर्जीने निवडलेला कोणताही भाग.

तिने ते वाचलं. उठून पाणी प्यायली, परत येऊन वाचलं. शर्यत चार तासांची, म्हणजे बारा मिनिटं. कंपनीने आजवर नोंदवले होते अकरा सेकंद. निवड कधीपर्यंत करायची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि पडणं हाच ठळक क्षण, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

प्रमुखबाईंना तिने एवढंच सांगितलं की अकरा मिनिटं एकोणपन्नास सेकंद हक्काची पडून आहेत, निवडून नोंदवायला हवीत. त्या खूश झाल्या. "तुम्हीच निवडा. तुमच्याइतकं कोण चोख करणार?"

तीन आठवडे रोज दुपारी ती फिती बघायच्या चित्रकक्षात बसली. चार तासांच्या शर्यतीत दादा सगळा मिळून वीसेक मिनिटं दिसत होता. घोळक्यात पाठमोरा, चढावर तोंड उघडं टाकून श्वास घेणारा. एका ठिकाणी त्याने आपली पाण्याची बाटली शेजारच्या स्पर्धकाला दिली आणि ती रिकामी परत आल्यावर बाटलीकडे बघून हसला. तिच्या आठवणीतला दादा मोठा होता. पडद्यावरचा पोरगेला होता, मिशीही नीट न फुटलेला. आता तीच त्याच्या दुप्पट वयाची होती. वळणाच्या दोन मिनिटं आधी ती दर वेळी यंत्र थांबवायची. थांबलेल्या चित्रातही तो पुढे झुकलेला दिसायचा, जणू बटणावरून बोट काढायचीच वाट बघत होता.

नोंद झाल्यावर तिने आईला ऑफिसात आणलं. आई पंच्याहत्तरीला आलेली. काळोख्या कक्षात ती पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली. चढावर दादाचे ओठ हलताना दिसले, पण आवाज नव्हता.

"काय बोलतोय तो?" कलमताईने विचारलं. तिने ते पन्नास वेळा पाहिलं होतं, तिला उमगलं नव्हतं.

"बोलत नाही गं. मोजतोय. चढ आला की तो पायडल मोजायचा. शंभरावर गेला की परत एकपासून." आईही बरोबर ओठ हलवायला लागली.

बारा मिनिटांच्या आतच ते संपलं.

"पुढे?" आईने विचारलं.

"पुढचं आपल्या हक्कात नाही, आई."

आईने मान हलवली. त्या रात्री ती नीट जेवली.

कलमताईला वाटलं, झालं आपलं काम. एवढी वर्षं करार वाचूनही एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. नोंदवलेला भाग म्हणजे विकायला ठेवलेला भाग. दीड महिन्याने शिरस्त्राणं बनवणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. पडण्याचे अकरा सेकंद त्यांच्या जाहिरातीत आधीपासूनच होते. आता त्यांना त्याआधी जोडायला बाटली देऊन हसणारे चाळीस सेकंद हवे होते. हसणारा मुलगा, मग कठडा.

ती पत्र घेऊन प्रमुखबाईंकडे गेली. "हे द्यायला नको."

"का? कलमात बसत नाही?"

कलमात बसत होतं. ते कलम तिनेच शोधून आणलं होतं.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत त्या इमारतीत हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली.

प्रमुखबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "मला सांगायचं होतंत आधी. पण जुन्या करारात त्यांना नोंदलेला कुठलाही भाग जोडायची मुभा आहे. मी अडवू शकत नाही. परवानापत्र दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?"

"नको," कलमताई म्हणाली. "मीच करते." आणि तिने केलं, एकही चूक न करता.

हे तिने आईला सांगितलं नाही. पण आईला शेजारणीकडून कळलं. कोपऱ्यावरच्या सायकलींच्या दुकानात पडदा लावलाय, त्यात तुमचा मुलगा दिसतो, असं शेजारीण सांगून गेली. दुसऱ्या दिवशी कलमताई घरी आली तर घराला कुलूप. आई सापडली त्या दुकानात. दुकानदाराने तिला स्टूल दिलं होतं आणि पर्स मांडीवर धरून ती पडद्यासमोर बसली होती. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून ये-जा करत होती.

"आई, घरी चल," कलमताई म्हणाली.

"थांब."

पडद्यावर दादा बाटली देत होता. हसला. आईचे ओठ हलत होते. मग वळण आलं. कलमताईने सवयीने पाठ फिरवली आणि तिचा हात आईच्या डोळ्यांकडे गेला. आईने तो बाजूला केला, शांतपणे, माशी बाजूला करावी तसा. "अरेरे, आणि गेला!" असं निवेदक म्हणाला. मागे कुणीतरी गिऱ्हाईक चुकचुकलं.

"पडला," आई म्हणाली. "आता येईल परत."

आणि खरंच, शिरस्त्राणाचं चित्र येऊन गेल्यावर तो परत आला, बाटली पुढे करत. आईने स्टूल थोडं पुढे सरकवलं. कलमताई दाराशी उभी राहिली. परवान्याची मुदत दोन वर्षं होती, तिने स्वतःच ती टाइप केली होती. दुकानाबाहेर उजेड कमी होत चालला होता. दुकानदाराने एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण आईला उठवायला तो काही आला नाही.