कार्बोरेटरमधले कुंकू

श्रीगजाननास वंदन करून, आज अक्षय तृतीयेला मोटारीची पूजा करताना कुंकवाच्या गंधाने जागवलेली आठवण लिहितो. पूर्वी एकदा राजुऱ्याच्या वाटेवर, पुरोहित म्हणून मला लग्न लावायला तासभर उरलेला असताना, माझी जुनी मोटार ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच बंद पडू लागली. जवळच्या वृद्ध मिस्त्रीने कान देऊन ऐकले, कार्बोरेटर उघडला आणि पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटमधून लाल कण फुंकून काढले. "महाराज, इंजिनले कुंकू काऊन चारलं?" आदल्या दिवशी, हवेचा फिल्टर काढलेला असताना, पूजेत मीच ते इंजिनवर भक्तिभावाने उधळले होते. इंजिन संथ गुणगुणू लागले. मिस्त्रीने बॉनेटवर टिळा लावला, "देवाले इथूनबी दिसते, महाराज." मुहूर्त साधला. आजही टिळा मी तिथेच लावला. वाचकहो, आपला सहकुटुंब प्रवास निर्विघ्न होवो.